मेजर राणे आणि राहून गेलेली भेट

स्मरणिकेसाठी फौजेतल्या आठवणी लिही, असं संपादक मंडळातल्या मित्रांनी बजावलं. पण माझी नोकरी बरीचशी रस्ते आणि पूल बांधण्यातच गेली. त्यापेक्षा आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या मेजर रामा राघोबा राणे यांच्याविषयी लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्यातले कितीतरी जण आईबापांबरोबर खडी फोडायला जात. मीही जायचो. रस्ता व्हायला काय लागतं, हे हाताच्या फोडांनी तेव्हाच शिकवलं. पुढे खडकीला भरती झालो आणि राण्यांची हकीकत ऐकली, तेव्हा ती मला शौर्यापेक्षा आधी कामाची गोष्ट वाटली.

त्यांचा जन्म २६ जून १९१८चा, कारवारजवळच्या चेंडिया गावातल्या घराण्यातला. वडील पोलिसात शिपाई. त्यांच्या सततच्या बदल्यांमुळे मुलाचं शिक्षण या शाळेतून त्या शाळेत झालं. आपल्यासारखे बालवाडीपासूनचे बाकसोबती त्यांना लाभले नसावेत. १९४० साली ते सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले.

चारच महिन्यांनी, ८ एप्रिल १९४८ रोजी, नौशेराहून राजौरीकडे चढाई सुरू झाली. राजौरीत हल्लेखोरांच्या तावडीत सापडलेली माणसं होती, त्यामुळे घाई होती. बारवाली टेकडी घेतली, पण पुढचा रस्ता सुरुंग पेरून आणि झाडं आडवी टाकून बंद केलेला. रणगाडे जागीच थांबले. राण्यांची तुकडी सुरुंग काढू लागली आणि तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते हटले नाहीत. पुढचे तीन दिवस जवळजवळ न झोपता, न थांबता काम. जिथे अडथळा निघेना, तिथे त्यांनी बाजूने नवी वाट काढली. गोळीबार होत होता तिथे ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे जात आणि दोरी ओढून चालकाला थांबण्याची, निघण्याची खूण करत. वर रणगाडा, खाली सुरुंग. प्रशिक्षणात नुसत्या खोट्या सुरुंगावर बोटं टेकवताना माझा घसा कोरडा पडला होता, म्हणून सांगतो, ही कल्पनाही करवत नाही. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोचली.

राण्यांना परमवीर चक्र मिळालं. हयातीत ते मिळवणारे ते पहिले. शत्रूची किती माणसं मारली याचा हिशेब त्यात नव्हता. मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी केली, एवढंच. शाळेत आम्ही लढाया पाठ केल्या त्या तलवारीच्या. कुदळीची लढाई कुणी शिकवली नाही.

१९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि पुण्यात राहिले. आणि इथे माझं चुकलं. खडकीला माझी नेमणूक असताना सायकलवर जाऊन त्यांना भेटता आलं असतं. आपण साधा जवान, साहेबांना कशाला त्रास, असं म्हणत म्हणत एक सुट्टी गेली, दुसरी गेली, मग बदली आली. ११ जुलै १९९४ रोजी ते पुण्यात वारले. मी तेव्हा फार लांब, डोंगरात, एका कोसळलेल्या रस्त्यावर होतो. बातमीसुद्धा शिळी होऊनच पोचली.

निवृत्तीनंतर मुद्दाम कारवारला गेलो. समुद्रकिनारी, चपळ या जुन्या युद्धनौकेजवळ, त्यांचा पुतळा आहे. बाजूला पोरं वाळूत रस्ते आखत होती. पायातल्या चपला काढून मी सलाम केला आणि परतीची एसटी चुकेपर्यंत तिथेच उभा राहिलो.