पक्षिमित्र डॉ. सालिम अली

आमच्या मिरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे, पश्चिमेस समुद्र आहे आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तिवरांतला बगळा येथील विद्यार्थ्यांस नवा नाही. परंतु जे रोज दिसते ते आपण खरोखर पाहिलेले असते काय? ज्यांनी पाहणे हेच आयुष्याचे व्रत मानले, त्या डॉ. सालिम अली यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

सालिम यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आईबाप लहानपणीच निवर्तल्यामुळे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांचा सांभाळ केला. मुलास छऱ्याच्या बंदुकीचा भारी नाद. एके दिवशी त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणत्या जातीची, हे मामांस सांगता येईना. त्यांनी भाच्यास चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी चिमणीची जात सांगितली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. मेलेला पक्षी घेऊन गेलेला मुलगा जिवंत पक्ष्यांविषयीचे कुतूहल घेऊन परतला.

पुढील वाट सोपी नव्हती. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात यश आले नाही. मुंबईस फादर ब्लॅटर यांनी त्यांस प्राणिशास्त्राकडे वळविले. पुढे ते बर्लिन येथे प्राध्यापक श्ट्रेसेमान यांजपाशी शिकावयास गेले. परत येतात तो पैशाअभावी वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! अशा बेकारीत ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले व सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे तासन्‌तास पाहत बसले. आपण त्या पक्ष्यास सुगरण म्हणतो, जणू घरटे मादीच विणते. वस्तुतः विणकर नर आहे. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते पारखते. पसंत पडल्यास नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेतो. हा क्रम त्यांनी धीराने उकलला व १९३१ साली प्रसिद्ध केला.

मनुष्याचे निसर्गाशी नाते केवळ भावनेवर टिकणार नाही, असे त्यांचे मत होते. शेती, शास्त्र आणि सौंदर्य या सर्वांसाठी रानपाखरे राखली पाहिजेत, असे ते मानीत. अभ्यासापुरते काही पक्षी मारणे मात्र त्यांस गैर वाटत नसे. हे अनेकांस रुचणार नाही, आम्हांसही रुचत नाही. तथापि भरतपूरची पाणथळ भूमी आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे म्हणून त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. त्या शब्दास वजन होते, ते दीर्घ अभ्यासाचे. १९४१ साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने कित्येकांस दृष्टी दिली. १९७६ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले आणि २० जून १९८७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थ्यांनो, पाखराकडे दगड उचलण्यापूर्वी त्याचे नाव विचारा. आणि पालकांनो, उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न दडपू नका. मामांसही ते ठाऊक नव्हते. पण ज्यास ठाऊक होते त्याच्याकडे त्यांनी मुलास पाठविले, हेच त्यांचे थोर कार्य होय.