गोडसे भटजींचा प्रवास

महाडहून मुंबईला जाताना पेण लागते. पेण तालुक्यात वरसई गाव आहे. तिथे विष्णुभट गोडसे राहत होते. घरी गरिबी, डोक्यावर कर्ज. म्हणून १८५७ साली ते काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले. तेव्हा एस.टी. नव्हती. पुष्कळ वाट पायीच चालायची. वाटेतच त्यांना शिपायांच्या बंडाची बातमी कळली. तरी ते मागे फिरले नाहीत.

१८५८ साली इंग्रजांनी झाशीवर तोफा डागल्या, तेव्हा भटजी झाशीतच होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः पाहिले. मिळवलेले पैसे लुटले गेले. मग काशीहून गंगेची कावड घेऊन ते वरसईला आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने आंघोळ घातली.

पुढे त्यांनी सगळे लिहून ठेवले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापले. म्हणून झाशीची लढाई आपल्याला आजही वाचायला मिळते.

– इयत्ता ४ थी