प्रोफेसर वॉरन जॉन्सन

वर्ग रंगांत आला असतां कोणीं दार लोटून आंत यावें आणि सर्वांच्या माना तिकडे वळाव्या, हा अनुभव विद्यार्थ्यांस नवा नाहीं. अशाच नित्याच्या व्यत्ययामुळें एका शिक्षकाच्या आयुष्यास निराळें वळण लागलें, त्याची ही हकीकत.

वॉरन जॉन्सन यांचा जन्म १८४७ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत झाला. पुढें त्यांचें कुटुंब विस्कॉन्सिन संस्थानांत येऊन राहिलें. तेथेंच ते शिक्षक झाले व कालांतरानें व्हाइटवॉटर येथील अध्यापकशाळेंत शिकवूं लागले. त्या प्रांतीं हिंवाळा फार कडक. म्हणून तळघरांतून वर्गांस ऊब पुरविली जाई, आणि तिच्या वाटेवरील झडपाही तळघरांतच असत. शाळेचा नोकर वारंवार वर्गांत शिरे, खोली तापली कीं गारठली तें पाही, आणि खालीं जाऊन झडप उघडी अगर मिटी. पाठ मोडे तो मोडेच. शिवाय तो खालीं पोहोंचेपर्यंत कुडकुडणें किंवा घामाघूम होणें मुलांच्या वांट्यास येई.

जॉन्सन यांनीं विजेचें असें उपकरण रचिलें कीं, खोलींतील उष्णतामानाची वर्दी घंटेनें तळघरांत पोहोंचावी. १८८३ सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. १८८५ सालीं मिल्वॉकी शहरीं कंपनी स्थापून त्यांनीं शिक्षकाची स्थिर नोकरी सोडली. परंतु घंटा ही केवळ सूचना. झडपेवर हात मनुष्याचाच. १८९५ सालीं पेटंट मिळालेल्या योजनेंत त्यांनीं तें काम दाबलेल्या हवेस सांगितलें. खोलींतील उष्णता बदलतांच नळींतील हवेचा दाब बदले, आणि त्या दाबानें झडप आपोआप हले. त्यामुळें प्रत्येक खोलीची ऊब स्वतंत्रपणें राखितां येऊं लागली.

येथें एक मर्म ध्यानीं घेण्याजोगें आहे. झडप उघडली तरी खोली तत्क्षणीं तापत नाहीं. तेवढ्या अवधींत अधीरपणें ती आणखी उघडली, तर खोली प्रमाणाबाहेर तापते. मग घाईनें मिटली, तर गारठते. आणि हे हेलकावे थांबत नाहींत. उलट झडप फारच मंद असली, तर तास संपला तरी ऊब येत नाहीं. म्हणून चुकीच्या मानानें दुरुस्ती करावी आणि तिचा परिणाम दिसूं द्यावा, अशा बेतानें यंत्र जुळवावें लागतें. आज मोठ्या इमारतींतील झडपा संगणकाच्या आज्ञेनें हलतात. तरी त्या जुळवितांना हेंच धोरण ठेवावें लागतें.

जॉन्सन यांची बुद्धि येथेंच थांबली नाहीं. मनोऱ्यांवरील घड्याळें, बिनतारी संदेश, वाफेच्या मोटारी, अशा अनेक उद्योगांत त्यांनीं हात घातला. १९०४ सालच्या सेंट लुई येथील प्रदर्शनांतील फुलांचें प्रचंड घड्याळ त्यांच्याच कंपनीचें. १९११ सालीं ते निवर्तले. त्यांच्या पश्चात् कंपनीनें इतर उद्योग सोडून उष्णतानियमनावरच भर दिला. वर्गांत सुचलेली कल्पनाच अखेर टिकली.

मूल चुकलें असतां आज अति कठोर व उद्यां अति सैल होणाऱ्या आम्हां वडील माणसांस या झडपेपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. आणि विद्यार्थ्यांनो, वर्षभर मिटून ठेवलेली अभ्यासाची झडप परीक्षेच्या आदल्या रात्रीं एकदम उघडल्यानें खोली तापत नाहीं, हें तुम्हींही विसरूं नये.