अतिनवताऱ्यांच्या मागावर फ्रिट्झ झ्विकी

आकाशाच्या एका भागाचा फोटो घ्यायचा, काही दिवसांनी त्याच भागाचा पुन्हा घ्यायचा आणि एखादा ठिपका नव्याने उगवला आहे का, ते शोधायचे. फ्रिट्झ झ्विकी यांनी हे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे केले आणि शंभराहून अधिक अतिनवतारे म्हणजे सुपरनोव्हा शोधले. याच ताऱ्यांच्या मदतीने पुढे विश्वाचे प्रसरण मोजले गेले. गंमत अशी, की विश्व प्रसरण पावते आहे, हे झ्विकींनाच पटत नव्हते.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे. सहाव्या वर्षी फ्रिट्झला शिक्षणासाठी तिकडे आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. झुरिचमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९२५ मध्ये ते अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत दाखल झाले.

१९२९ मध्ये एडविन हबल यांनी दाखवले, की दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा प्रकाश लाल रंगाकडे अधिक सरकलेला असतो. यावरून दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, असा अर्थ निघत होता. झ्विकींनी त्याच वर्षी वेगळे कारण सुचवले. लांबच्या प्रवासात प्रकाशच थोडी थोडी ऊर्जा गमावत असावा, म्हणजे जणू थकत असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

१९३४ मध्ये त्यांनी आणि वॉल्टर बाडे यांनी नेहमीच्या नवताऱ्यांहून कितीतरी प्रखर स्फोटांना सुपरनोव्हा म्हणून वेगळे काढले. अशा स्फोटानंतर न्यूट्रॉनचा अतिघन तारा उरत असावा, असेही सुचवले. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती! १९३६ पासून पालोमार पर्वतावरच्या १८ इंची दुर्बिणीने त्यांची शोधमोहीम सुरू झाली. आकाशाचा मोठा पट्टा एकाच फोटोत टिपणारी ही दुर्बीण या कामासाठी अगदी योग्य होती.

झ्विकींचा स्वभाव तापट. बाडे यांच्याशी असलेले सख्यही पुढे तुटले. पण दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी याच माणसाने पुस्तके गोळा करून पाठवली. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले.

अतिनवताऱ्यांचा ‘वन ए’ हा प्रकार अंतर मोजायला फार उपयोगी ठरला. त्यात श्वेत बटू ताऱ्याचा स्फोट होतो आणि त्याची कमाल प्रखरता जवळपास ठरलेली असते. तारा किती मंद दिसतो, यावरून तो किती दूर आहे ते काढता येते. ज्या वॅटचा दिवा आहे हे माहीत असले, की त्याच्या उजेडावरून अंतराचा अंदाज बांधावा, तसे.

१९९० च्या दशकात दूरच्या अशा ताऱ्यांची नोंद झाली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जवळचा तारा ज्या क्रमाने उजळतो आणि मावळतो, त्याच क्रमाला दूरच्या ताऱ्याला जास्त दिवस लागताना दिसतात. वीस दिवसांचे काम तीस दिवसांत झालेले दिसते. प्रकाश नुसता थकत असता, तर दिवस वाढले नसते. अवकाश ताणले जात असेल तरच ते वाढतात. झ्विकींची कल्पना अशी त्यांच्या आवडत्या ताऱ्यांनीच खोडून काढली.

१९९८ मध्ये दोन गटांना हे तारे अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अधिक दूर आढळले. प्रसरणाचा वेग वाढतो आहे, असा त्याचा अर्थ होता. या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले.

पालोमारवर २०१८ पासून एक नवा कॅमेरा रोज रात्री आकाश पिंजून काढतो. त्याने हजारो अतिनवतारे टिपले आहेत. त्या प्रकल्पाला झ्विकींचे नाव दिले आहे.