रेव्हरंड टिळक : देवाचा शोध आणि आचरणाची कसोटी

देव एकच आहे तर धर्म इतके का? आणि देवधर्म करणारा माणूसही माणसाला दूर का लोटतो? हे प्रश्न आपल्याच कोकणातील एका तरुणाला छळत होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. ते प्रोटेस्टंट पंथाचे होते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांची भजने आजही भक्तिभावाने गायिली जातात.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत ज्या रत्नागिरी जिल्ह्यात होता, त्यातलेच हे गाव. ब्राह्मण घराणे, संस्कृतचा व्यासंग, कवीचे मन. रूढ धर्माने समाधान होईना, तेव्हा त्यांनी विचार करून स्वतःपुरती काही तत्त्वे ठरवली : देव सर्वांचा पिता, माणसे एकमेकांची भावंडे, जातिभेद माणसाने निर्माण केलेला.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. बुद्धीने जे पटले होते, ते जगून दाखवणारा प्रभू येशू त्यांना तेथे भेटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत घरानेही मोजली. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर आपली श्रद्धा लादली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना या काळातले दुःख आजही मनाला भिडते.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी मराठी संतांकडे पाठ फिरवली नाही. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायाशी आणून पोहोचवले, असे ते मानत. देवासाठी व्याकूळ होणे, त्याच्याशी मायलेकरासारखे बोलणे, त्याच्यात विरून जाणे ही संतांची वाट त्यांनी प्रार्थनेत चालवली. 'अभंगांजली'तील रचना त्यातूनच आल्या.

परंतु ध्यानात रमून ते माणसांपासून दूर गेले नाहीत. अनाथ मुलांना त्यांनी घरात आसरा दिला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास राहिले आणि 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ त्यांनी सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती. या कल्पनेवर मतभेद झाले; आपल्या कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्म्याचे स्थान मोठेच आहे. तरी त्यामागची तळमळ समजून घेण्यासारखी आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. त्याचा पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या श्रद्धेपायी एकेकाळी घर दुभंगले होते, तिचेच गीत त्यांनी पुढे नेले.

बंधू-भगिनींनो, आज मिस्साहून घरी जाताना आपणही स्वतःला विचारू या : माझ्या प्रार्थनेमुळे माझ्या घरातले आणि शेजारचे माणूस मला अधिक जवळचे झाले आहे का?