सगळं होतं, तरी मन थाऱ्यावर नव्हतं

बजाजची गाडी तुमच्या घरी नसली तर शेजारी नक्की असेल. १९२६ मध्ये हा उद्योगसमूह सुरू करणारे जमनालाल बजाज आपल्या वर्ध्याचे, हेही तुम्ही शाळेत ऐकलं असेल. पण पैसा, मान, गांधीजींचा विश्वास असं सगळं पदरात असताना पन्नाशीत या माणसाचं मन पार अस्वस्थ झालं होतं, हे माहीत आहे?

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं. विचार करा, आई-वडील, गाव, भाषा सगळं मागे सोडून एक पोरगं एकदम मोठ्या वाड्यात येतं. सतराव्या वर्षी एका लग्नात दागिने घालण्यावरून आजोबांशी वाजलं. आजोबांनी पैशाचा टोमणा मारला. पोरगा घर सोडून निघाला आणि तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, असं पत्र लिहून मोकळा झाला. समजूत काढून त्याला परत आणावं लागलं. पुढे वारसा मिळालाच, पण ते धन आपलं नाही, आपण फक्त त्याचे राखणदार आहोत, ही भावना मनात कायमची बसली.

नंतरचं आयुष्य म्हणजे नुसती धावपळ. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये त्यांनी गांधीजींकडे त्यांचा पाचवा मुलगा होण्याचा हट्ट धरला. सरकारची रायबहादूर पदवी परत केली. १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. अनेक वर्षं काँग्रेसचा खजिना सांभाळला, तुरुंगात गेले, गांधीजींना वर्ध्यात आणलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, याला कसलं टेन्शन?

टेन्शन होतं. त्यांच्या डायऱ्या आणि गांधीजींना लिहिलेली पत्रं पाहिली तर हा माणूस स्वतःला सतत तपासताना दिसतो. मनातले दोष, कमजोरी, आपण या विश्वासाला लायक आहोत का ही शंका, सगळं त्यांनी गांधीजींपुढे उघड केलं. १९४१ मध्ये तब्येत बिघडल्यामुळे तुरुंगातून सुटका झाली, तेव्हा शरीराबरोबर मनही थकलेलं होतं. शांतीच्या शोधात ते डेहराडूनला आनंदमयी माँकडे गेले. तिथे त्यांना आईची माया मिळाली, जीव जरा निवला.

पण परत आल्यावर काय? पुन्हा तीच धावपळ? इथे गांधीजींनी त्यांना एक काम सुचवलं, गोसेवा. जमनालालजींनी ते मनापासून धरलं. १९४१ मध्ये गोसेवा संघ सुरू झाला. वाडा, बंगला सोडून ते वर्ध्याजवळच्या गोपुरीत साध्या झोपडीत राहायला गेले. ज्याने लाखोंचे हिशेब केले, तो माणूस आता गाईंचा चारापाणी आणि त्यांची देखभाल यात रमला.

‘मूड खराब आहे? मग कामात गुंतव स्वतःला’ असं आपल्याला सगळे सांगतात. पण जमनालालजी आयुष्यभर कामातच होते, तरी अस्वस्थ होते. मग फरक कशामुळे पडला? मला दोन गोष्टी दिसतात. एक, आपलं मन ठीक नाही हे त्यांनी विश्वासाच्या माणसांना सांगितलं, तेही सगळं गाव मान देत असताना. दुसरी, दहा आघाड्यांवर विखुरलेला जीव त्यांनी एका कामात आणला, ज्यात रोज समोर एक मुकं जनावर होतं आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

हा समतोल फार दिवस लाभला नाही. ११ फेब्रुवारी १९४२ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते अचानक गेले. वय अवघं ५२. त्यांच्यामागे जानकीदेवींनी गोसेवेचं काम पुढे चालवलं.

आज गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्याला छत नाही, आत मूर्ती नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे. परीक्षेचा निकाल बिघडलाय, नोकरीचा फोन येत नाहीये, किंवा सगळं मिळूनही आत रिकामं वाटतंय, अशा एखाद्या दिवशी तिथे चक्कर मारा. आणि जाताना ज्याच्याशी मनातलं बोलता येईल, असा एक जण सोबत घ्या.