'अरोमाथेरपी' हा शब्द देणाऱ्या माणसाचा हात खरंच लव्हेंडरच्या पिंपात बुडाला होता का?

लव्हेंडर ऑइलबद्दलचं एखादं रील बघा, एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो. एका फ्रेंच शास्त्रज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला. घाईघाईत त्याने तो शेजारच्या पिंपात बुडवला. पिंपात पाणी नव्हतं, लव्हेंडरचं तेल होतं. आग क्षणात शमली, हातावर डागही राहिला नाही आणि अरोमाथेरपीचा जन्म झाला.

हा शास्त्रज्ञ खरा आहे. अपघातही खरा आहे. पिंप मात्र त्यांनी स्वतः लिहिलेल्या हकिकतीत कुठेच नाही.

कोण होते गातफोसे?

त्यांचं नाव रेने-मोरीस गातफोसे. जन्म १८८१ चा, फ्रान्समधल्या लियाँचा. घरचाच सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय होता, त्यामुळे रसायनशास्त्र शिकून ते त्यातच उतरले. १९०६ मध्ये त्यांनी अत्तरं बनवण्याच्या कृतींचं पुस्तकही काढलं.

त्यांचा कच्चा माल म्हणजे इसेन्शियल ऑइल. हे आपल्या शेंगदाणा किंवा तीळ तेलासारखं नसतं. फुलं, पानं, साली यांच्यातून बहुतेकदा वाफेवर काढलेला हा अर्क उघडा ठेवला तर उडून जातो. आपल्याकडचं निलगिरीचं, लवंगेचं, गवती चहाचं तेल याच जातीचं.

१९१० मध्ये काय घडलं?

जुलै महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. पेटलेलं रसायन अंगावर उडालं. ते बाहेर धावले आणि हिरवळीवर लोळून त्यांनी आग विझवली. जीव वाचला, पण दोन्ही हातांच्या जखमांमध्ये गॅस गँगरीन झालं. या आजाराचे जंतू मातीत असतात. ते खोल जखमेत शिरले की आत वायू तयार होतो आणि मांस सडत जातं.

तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती. अशा वेळी त्यांनी जखमा लव्हेंडरच्या तेलाने धुतल्या. संसर्ग थांबला आणि दुसऱ्या दिवसापासून जखमा भरू लागल्या, असं त्यांनी पुढे नोंदवलं.

म्हणजे हात चुकून तेलात पडला नव्हता. तेल जंतूंवर चालेल, या विचाराने एका रसायनतज्ज्ञाने केलेला तो उपाय होता. शिवाय भाजल्यावर लगेच नाही, तर जखम चिघळल्यावर केलेला.

पुढे काय केलं?

एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. स्वतः बरे झाल्यावर गातफोसे यांनी ही तेलं डॉक्टरांकडे नेली, जखमांवर त्यांचा वापर झाला आणि त्याच्या नोंदी त्यांनी जमवल्या. १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लूची साथ आली, तेव्हा त्यांनी याच तेलांपासून जंतुनाशक साबण तयार केला. दक्षिण फ्रान्समधल्या लव्हेंडर शेतकऱ्यांसोबतही त्यांनी काम केलं.

१९३७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. नाव होतं 'आरोमाथेरापी'. हा शब्द त्यांनीच रुजवला. त्यांच्या दृष्टीने ही तेलं म्हणजे औषधी रसायनं होती. नुसत्या वासाने मन प्रसन्न करणं हा त्यांचा मुख्य विषय नव्हता.

पण वेळ चुकली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन सगळीकडे पोहोचलं आणि जखमांसाठी तेलांची गरज मागे पडली. १९५० मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका इथे गातफोसे यांचं निधन झालं. त्यांचा शब्द पुढे मसाज आणि स्पाच्या जगात गेला आणि तिथेच मोठा झाला.

मग आज काय लक्षात ठेवायचं?

काही तेलांचा मर्यादित उपयोग अभ्यासांतून दिसला आहे. उदाहरणार्थ, आतड्यांच्या आयबीएस या त्रासात पेपरमिंट तेलाच्या खास कॅप्सूल डॉक्टर देतात. लव्हेंडरच्या वासाने अनेकांना शांत वाटतं. पण प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मरणं आणि माणसाचा आजार बरा होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

ही तेलं अतिशय तीव्र असतात. थेट त्वचेवर लावली तर जळजळ किंवा ॲलर्जी होऊ शकते. निलगिरी किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर थोड्या प्रमाणातही विषबाधा होऊन झटके येऊ शकतात. त्यामुळे बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

आणि भाजलं तर? हात आधी नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. जखम मोठी असेल तर थेट दवाखाना गाठा. व्हायरल किश्शातल्या पिंपात पाणी असतं, तर निदान भाजलेल्या हातासाठी तरी ती गोष्ट जास्त उपयोगाची ठरली असती.